शनिवार, दुपारचे चार: ब्रिटिश कुस्तीचा प्रेक्षक कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे सासरे १९७०च्या दशकात लेस्टरला होते. ते सांगतात, तेव्हा शनिवारी दुपारी घराघरांत टीव्हीवर कुस्ती लागायची, आजीबाईसुद्धा आरडाओरडा करायच्या. मग ती बंद का पडली? खोटी आहे हे लोकांना कळलं म्हणून? आणि तसं असेल तर आता वेम्बली स्टेडियम कसं भरतं?"

सासरेबुवा सांगतात ते खरं आहे. खोटेपणाचा मुद्दा तेवढा सोडून द्या. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात मी आधी रिंग उभारणाऱ्या पोरांमध्ये होतो, पुढे छोट्या हॉलमधल्या शोसाठी जोडी लावायचं काम केलं, आजही करतो. ब्रिटिश प्रेक्षकाला कुस्ती ठरवून होते याचं कधी फारसं वावडं नव्हतं. तो एकापेक्षा जास्त वेळा उठून गेला, आणि शेवटच्या दोन वेळा तर त्याआधी धंद्याने एकच चूक केलेली दिसते: सगळा डोलारा एका पैलवानावर किंवा एका गिऱ्हाइकावर उभा केला.

खोटेपणाचंच आधी संपवू. कुस्ती शंभर टक्के खरी झाली आणि म्हणून लंडनकर वैतागले, असंही घडलंय. १९०४च्या सुमाराला जॉर्ज हॅकेनश्मिट या पैलवानाने लंडनची म्युझिक हॉल, म्हणजे गाण्या-करमणुकीची नाट्यगृहं, वेडी केली होती. अंगाने पुतळ्यासारखा, आणि मागे चार्ल्स कॉक्रनसारखा जाहिरातीत मुरलेला माणूस. ऑलिंपिया हॉलमध्ये अहमद मद्राली या तुर्की पैलवानाचा हात त्याने मिनिटाभरात निखळवला आणि लंडनभर तोच विषय झाला. मग १९१० मध्ये आपला गामा तिथे पोचला. डॉक्टर रोलर या अमेरिकन पैलवानाला त्याने लोळवलं, आणि १० सप्टेंबरला झ्बिश्को या पोलिश पैलवानाशी त्याची लढत लागली. झ्बिश्को गामाच्या ताकदीला इतका बिचकला की बहुतेक वेळ मॅटवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ हेच चाललं. निकाल नाही. आठवड्याने पुन्हा भिडायचं ठरलं, तर झ्बिश्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिकीट काढून आलेल्या माणसाच्या जागी बसून बघा. तालमीत वाढलेल्या प्रेक्षकाला पालथ्या पैलवानावर पकड बसवण्यातली मेहनत कळते. लंडनच्या कारकुनाला दिसलं ते एवढंच की एक जण झोपलाय आणि दुसरा त्याच्यावर बसलाय. पहिल्या महायुद्धाआधीच ती लाट ओसरली.

१९३० मध्ये ॲथॉल ओकली वगैरे मंडळींनी 'ऑल-इन' नावाने ती परत आणली. या वेळी उलटं टोक: रक्त, खुर्च्या, चिखलातल्या कुस्त्या, काहीही. दशकाच्या शेवटाला लंडन काउंटी कौन्सिलने बंदी घातली. त्या पर्वात बर्ट असिराती हा पैलवान सोडला तर मला फारसा कुणात रस नाही.

खरी गंमत १९४७ नंतर सुरू होते. कुस्तीला पुन्हा इभ्रत मिळावी म्हणून एक समिती बसली आणि तिच्या डोक्यावर कोण, तर ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हान्स, म्हणजे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतला दुय्यम अधिकारी. सोबत एक खासदार, रेडिओवरचा एक प्रसिद्ध आवाज, आणि कुस्ती खरोखर कळणारा नॉर्मन मोरेल. त्यांनी नियम केले: पाच मिनिटांच्या फेऱ्या, दोन चितपट किंवा दोन शरणागती किंवा एक नॉकआउट म्हणजे विजय, वजनाचे सात गट, आणि खाली पडलेल्याला मारायचं नाही. पाडलं की मागे सरायचं, पंच दहा मोजणार.

कागदावर हे नियम खेळाचे होते. प्रत्यक्षात ते नाटकाचे इतके चोख निघाले की आजही मी नव्या पोरांना आधी तेच शिकवतो. 'पब्लिक वॉर्निंग' घ्या. नियम मोडला की पंच घंटा वाजवायला लावून जाहीर ताकीद देतो. तिसरी ताकीद म्हणजे बाद. याचा अर्थ असा की खलनायकाकडे खर्चायला दोन गुन्हे आहेत आणि ते हॉलमधल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही मोजता येतात. पहिली ताकीद तिसऱ्या फेरीत पडली की लोक ओरडतात. दुसरी पडली की प्रत्येक लबाडीला अख्खा हॉल पंचाकडे बघतो: दिसलं का, दिसलं का? खुर्ची हाणायची गरज नाही, रक्त नको. पंचाच्या पाठीमागे काढलेला एक चिमटा पुरतो. त्यात फेऱ्यांमुळे मध्ये विश्रांती. त्या अर्ध्या-एक मिनिटात प्रेक्षक आपसात भांडतात, कोपऱ्यात बसलेल्या खलनायकाला शिव्या घालतात, आणि पुढच्या फेरीला अधिक तापलेले असतात. साधारणपणे पहिला पॉइंट तिसऱ्या-चौथ्या फेरीत, बरोबरी पाचवीत, निकाल सहावीत. ठेका ठरलेला, पण त्यात जिम ब्रेक्ससारखा माणूस काय काय करायचा! हा यॉर्कशायरचा हलका गडी, हात पिळण्यात वस्ताद, आणि स्वतःला जरा लागलं की लहान मुलासारखा रडगाणं गायचा. लोक त्याला 'क्राय बेबी' म्हणून चिडवायचे, तो आणखी चिडायचा, ताकीद ओढवून घ्यायचा. एका माणसाच्या स्वभावावर अख्खी लढत उभी राहायची.

वजनगटांचाही असाच फायदा. अमेरिकेत धिप्पाड तोच मोठा. इथे डंडीचा जॉर्ज किड, अकरा स्टोनच्या आतला, म्हणजे सत्तर किलोंच्या खालचा, पंचवीसएक वर्षं लाइटवेट विजेता म्हणून तिकीट विकत होता. गुडघे छातीशी घेऊन गोळा होऊन पडायचा. समोरच्याला पकडायला हातपाय सापडायचेच नाहीत. ती विद्या पुढे जॉनी सेंटने चालवली. आणि या सगळ्याखाली लँकेशायरची खरी 'कॅच' कुस्ती होती. विगन गावात बिली रायलीची तालीम होती, पुढे 'स्नेक पिट' म्हणून जगभर नाव झालेली. बिली रॉबिन्सन तिथला. कार्ल गॉच तिथे घासून निघाला आणि जपानमध्ये जाऊन देव झाला. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हटलं की लोक थुंकतात, कारण निकाली कुस्तीच्या नावाखाली ती फसवणूक असते. विगनवाल्यांना ही लाज नव्हती. दिवसा एकमेकांची हाडं मोडतील अशी कुस्ती करायचे आणि रात्री हॉलमध्ये पगारासाठी खेळायचे. ठरवलेली लढत चांगली करायला खरी कुस्ती यावी लागते, हे तिथे कुणाला समजवावं लागत नव्हतं.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आयटीव्ही या खासगी वाहिनीने पहिली कुस्ती दाखवली, ती पूर्व लंडनच्या वेस्ट हॅम बाथ्समधून. बाथ्स म्हणजे नगरपालिकेचे पोहण्याचे तलाव. थंडीत तलावावर फळ्या टाकून त्याचा हॉल करायची पद्धत होती. त्या फळ्यांवर रिंग, भोवती लाकडी खुर्च्या, वर काचेचं छप्पर. एक पैलवान आदळला की खालच्या पोकळीमुळे असा आवाज घुमायचा की डाव साधा असला तरी लोक हळहळायचे. १९६५ पासून कुस्ती 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' या शनिवारच्या कार्यक्रमात आली आणि तिची वेळ ठरली: दुपारचे चार.

ही वेळ नीट समजून घ्या, सगळं इथे आहे. पावणेपाचच्या सुमाराला फुटबॉलचे निकाल यायचे. तेव्हा लाखो लोक फुटबॉलच्या सट्ट्याचं कूपन भरत, म्हणून निकालासाठी घरातले पुरुष टीव्हीपुढे येऊन बसत. बायका बाजारातून परतलेल्या, मुलं घरात, आजी खुर्चीत. म्हणजे तीन पिढ्या एका खोलीत, आणि चॅनेल मोजून दोन-तीन. समालोचक केंट वॉल्टनचा तो मवाळ आवाज कधी तुम्हाला 'हे खोटं आहे' असं वाटू द्यायचा नाही आणि कधी 'हे खरं आहे' अशी शपथही घ्यायचा नाही. मिक मॅकमॅनस, रंगवलेले काळेभोर केस, कानाला हात लावला की 'कान नको, कान नको' म्हणून ओरडणारा, हा देशातला सगळ्यात नावडता माणूस आणि म्हणूनच सगळ्यात लाडका. जॅकी पॅलो रंगीबेरंगी पट्ट्यांच्या चड्डीत, केसाला बो बांधून. १९६३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याच्या दिवशी या दोघांची लढत टीव्हीवर लावली होती, आणि त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रिन्स फिलिप कुस्ती बघायला आला होता. टीव्हीवरचा रंग सगळा गोरा होता असंही नाही: जॉनी क्वांगो, मासाम्बुला, मोहॉक जमातीचा बिली टू रिव्हर्स, पुढे टायगर दलीबार सिंग. खलनायकाला छत्री, पर्स, क्वचित टोपीची पिन टोचणाऱ्या म्हाताऱ्या ही दंतकथा नाही. पहिली रांग त्यांचीच असायची.

पैसा मात्र टीव्हीत नव्हता. टीव्ही ही जाहिरात होती. शनिवारी दिसलेला गडी मंगळवारी तुमच्या गावच्या टाउन हॉलला यायचा, आणि तिकिटं तिथे खपायची. असे शो वर्षाला हजारोंनी व्हायचे.

आता पडझड. १९५२ पासून काही मोठ्या आयोजकांनी मिळून 'जॉइंट प्रमोशन्स' नावाची युती केली होती. टीव्ही त्यांच्या हातात, मोठे पैलवान त्यांच्या हातात. संस्थापक म्हातारे झाले, धंदा विकला गेला, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर जोडी लावायचं काम मॅक्स क्रॅबट्रीकडे आलं. त्याचा भाऊ शर्ली क्रॅबट्री, चाळिशी उलटलेला, दीडशे किलोंच्या वर, दम कमी. मॅक्सने त्याला 'बिग डॅडी' केलं. सुरुवातीला तो खलनायक होता, पण पोरांना आवडला, म्हणून नायक झाला. चकचकीत टोपी, छातीवर मोठा डी, आणि अख्ख्या हॉलचा 'ईझी, ईझी' असा गजर.

डॅडीची टवाळी करणारे खूप आहेत. मी करणार नाही. हॉल भरत होता, आणि जो हॉल भरतो त्याला नावं ठेवायची नाहीत हा आमच्या धंद्याचा शिरस्ता आहे. पण जोडी लावणारा म्हणून त्याच्या लढतीचा साचा बघा. टॅग लढत, म्हणजे दोघांविरुद्ध दोघे, आळीपाळीने रिंगमध्ये. डॅडीचा जोडीदार एक तरणाबांड, चपळ, गुणी पोरगा. दोन खलनायक त्या पोराला दहा मिनिटं बडवणार. पोरगा सरपटत कोपऱ्यात येणार, डॅडीच्या हाताला हात लावणार. डॅडी आत. पोटाच्या दोन धडका, मग अंगावर झोकून देणं, संपलं. म्हणजे राबला तो पोरगा, आणि मोठा झाला तो डॅडी. समोरचा खलनायकही वाया गेला, कारण दोन मिनिटांत चितपट झालेल्याला पुढच्या आठवड्यात कोण भिणार? १८ जून १९८१ ला वेम्बली अरिनात डॅडी विरुद्ध जायंट हेस्टॅक्स हा अवाढव्य खलनायक, वर्षानुवर्षं तापवलेली लढत, तीन मिनिटांच्या आत आटोपली. दोघांची तब्येत बघता त्याहून जास्त चालणार तरी कशी होती?

त्या जोडीदार पोरांची यादी वाचली की पोटात कालवतं. डायनामाइट किड. डेव्ही बॉय स्मिथ. सॅमी ली नावाने खेळणारा जपानी सतोरू सायामा. एप्रिल १९८१ मध्ये टोकियोत टायगर मास्क आणि डायनामाइट किड यांची जी लढत झाली, तिने जगभरच्या हलक्या पैलवानांची कुस्ती बदलली. मुखवट्यामागे सायामा होता. म्हणजे ते दोघेही आदल्या काही वर्षांत ब्रिटनच्या हॉलमधून डॅडीसाठी मार खाऊन गेलेले. मार्क रोको हा ब्रिटिश पैलवान जपानमध्येच पुढे ब्लॅक टायगर झाला. माल अस्सल होता, पण दुकानदाराने दर्शनी फळीवर एकच बरणी मांडली होती.

यात टीव्हीची वेळ गेली. सप्टेंबर १९८५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' बंद झालं. कुस्ती स्वतंत्र कार्यक्रम म्हणून उरली, पण जेवणाच्या वेळेला सरकली, आणि तीही दर आठवड्याला पक्की नाही. चारचा प्रेक्षक कुस्तीसाठी घड्याळ लावून बसणारा नव्हताच. तो खोलीत होता म्हणून बघत होता. खोली रिकामी झाली. १९८७ मध्ये आयटीव्हीने जॉइंटची मक्तेदारी मोडून ब्रायन डिक्सन या प्रतिस्पर्धी आयोजकाच्या 'ऑल स्टार'ला वाटा दिला, मध्येमध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कंपनीची कुस्तीही दाखवली. ऑल स्टारचा माल ताजा होता, पण उशीर झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रेट यार्मथला डॅडीच्या लढतीत किंग काँग कर्क हा पैलवान रिंगमध्येच कोसळून गेला. त्याला आधीपासून हृदयविकार होता, डॅडीचा दोष नाही असंच ठरलं. पण वर्तमानपत्रं भरली. पॅलोने १९८५ मध्ये आत्मचरित्रात निकाल ठरलेले असतात हे उघड लिहिलं होतं, त्याने मात्र हॉलच्या गर्दीवर तितका परिणाम झाला नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये ग्रेग डाइक आयटीव्हीच्या खेळांचा प्रमुख असताना कुस्ती बंद झाली. जाहिरातदारांना तरुण आणि पैसेवाला प्रेक्षक हवा होता. कुस्तीचा प्रेक्षक म्हातारा आणि कामगार वस्तीतला, असा हिशोब.

पुढच्याच वर्षी स्काय वाहिनी आली आणि तिच्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफ. ज्या पोरांचे आजोबा मॅकमॅनसला शिव्या घालत होते ती पोरं हल्क होगनची पोस्टर लावू लागली. म्हणजे आवड तिथेच होती, दुकान बदललं. २९ ऑगस्ट १९९२ ला वेम्बलीच्या जुन्या स्टेडियममध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा समरस्लॅम हा मोठा शो झाला, जाहीर आकडा ८०,३५५. शेवटची लढत ब्रेट हार्ट विरुद्ध ब्रिटिश बुलडॉग. बुलडॉग म्हणजे डॅडीचा तोच जोडीदार, डेव्ही बॉय स्मिथ. घरच्या मैदानावर तो जिंकला. ब्रिटनने त्याला मोठा केला नाही. अमेरिकेने केला आणि ब्रिटनला परत विकला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या पोरांच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड होते, त्यांना हा बुलडॉग त्याच्या झेंड्याच्या चड्डीवरून आठवत असेल. तो मूळचा लँकेशायरच्या हॉलमधला, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट आणि त्यापुढची काही वर्षं पटकन सोडतो. अमेरिकन कुस्ती जोरात होती, चॅनेल ४ वरही आली, मग तिचाही भर ओसरला. स्थानिक कुस्ती बटलिन्ससारख्या सुट्टीच्या कॅम्पांत आणि डिक्सनच्या दौऱ्यांवर तगली. मध्यंतरात लॉटरी, पोरांसाठी फोमचे पंजे, आणि पैलवानासोबत फोटो. त्या फोटोंच्या पैशावर कितीतरी पैलवानांचं पेट्रोल निघालं. याला हलकं समजू नका. पुढे अमेरिकेत नाव काढलेला विल्यम रीगल ब्लॅकपूलच्या जत्रेतल्या कुस्तीतून आला.

मग २०१० नंतरची लाट, नव्या स्थानिक कंपन्यांची. ग्लासगोत मार्क डॅलसची आयसीडब्ल्यू, लंडनमध्ये मार्च २०१२ पासून प्रोग्रेस, बेथनल ग्रीनच्या यॉर्क हॉलमध्ये रेवप्रो. प्रेक्षक वेगळा: पंचविशी-तिशीचा, हातात बिअर, गाणी फुटबॉलच्या मैदानासारखी. पहिल्या रांगेतली आजी नाही. पण बांधणी जुनीच होती: पुष्कळ छोटे आयोजक, पुष्कळ हॉल, आणि झॅक सेबर ज्युनियरसारखा माणूस जो जॉनी सेंटच्या गाठी नव्याने बांधत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयसीडब्ल्यूने ग्लासगोच्या हायड्रोत सहा हजारांहून जास्त लोक जमवले. कुणा स्थानिक आयोजकाला कित्येक दशकांत हे जमलं नव्हतं.

आणि पुन्हा तेच. जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, ब्लॅकपूलच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये यूके विजेतेपदाची स्पर्धा घेतली. एकोणीस वर्षांचा टायलर बेट जिंकला, डोळ्यांत पाणी आणणारी कुस्ती झाली. मागोमाग करार आले, २०१८ मध्ये एनएक्सटी यूके हा डब्ल्यूडब्ल्यूईचा ब्रिटिश कार्यक्रम सुरू झाला, आणि करारातल्या पोरांना बाहेर कुठे खेळायचं यावर बंधनं आली. पोरांना दोष नाही. पहिल्यांदा महिन्याचा पगार मिळत होता, कोण सोडेल? पण गावोगावच्या कार्डांवरची, म्हणजे लढतींच्या यादीतली, पहिली चार नावं निघून गेली. आमचं काम तेव्हा फार अवघड झालं: पोस्टरवर कुणाचा फोटो टाकायचा? जून २०२० मध्ये 'स्पीकिंग आउट' या नावाखाली अनेक जणींनी आणि काही जणांनी कुस्तीच्या धंद्यातल्या अत्याचारांबद्दल तोंड उघडलं. ते उघडणं गरजेचं होतं, उशिराच झालं. खासदारांच्या गटाने २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात दुखणं नेमकं सापडलं होतं: कुस्ती खेळ की नाटक हे ठरलेलं नाही, त्यामुळे प्रशिक्षण शाळांवर धड कुणाचीच देखरेख नाही. सोळा वर्षांचं पोर कुणाच्या तालमीत जातंय हे विचारणारं कुणी नव्हतं. कोविडने हॉल बंद होतेच. २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने एनएक्सटी यूके गुंडाळलं आणि बरीच पोरं रस्त्यावर आली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्डिफला डब्ल्यूडब्ल्यूईच्या शोला साठ हजारांवर लोक होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने वेम्बली भरलं, जाहीर आकडा ८१,०३५. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे येतो. वेम्बली भरतं कारण माणसं युरोपभरातून, अमेरिकेतून विमानाने येतात, आणि फार तर वर्षातून एकदा येतात. ती जत्रा आहे. जत्रेला गर्दी झाली म्हणून गावच्या तालमीत पोरं वाढली असं होत नाही. कार्डवरची नावं मात्र बघा: विल ऑस्प्रे, नॉर्विचच्या कुस्तीगीर घराण्यातली सराया, कार्डिफला ड्रू मॅकिन्टायर. सगळे ब्रिटनच्या छोट्या हॉलमध्येच घडलेले.

शनिवारी चारची खोली आता परत येणार नाही. तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसवणारा टीव्हीच राहिला नाही. आयटीव्हीने २०१८ मध्ये जुन्या नावाच्या आद्याक्षरांवर मालिका करून पाहिली, एका हंगामात संपली. छोट्या हॉलचं मात्र मला बरं दिसतंय, कारण सध्या कुणा एकाच्या हातात सगळं नाही.

लंडनला येणार असाल आणि सासरेबुवाही सोबत असतील, तर ओटू या मोठ्या अरिनातल्या महागड्या तिकिटाच्या मागे लागू नका. यॉर्क हॉलची तारीख बघा. बाल्कनीत बाजूच्या पुढच्या रांगेत बसवा त्यांना, तिथून पाय आणि पकड दोन्ही दिसतात. फेऱ्यांची, जुन्या नियमांची लढत कार्डवर असेल तर आधी सांगून ठेवा. पब्लिक वॉर्निंगची घंटा झाली की ते स्वतःच मोजायला लागतील.